१९९४ ची बीटीसीसी : अल्फानं लबाडी केली का हुशारी?

कूलरसमोर_पडलेला:
राजेहो, ४५ च्या वर गेलाय पारा, दुपारी बाहेर निघायची सोय नाही, म्हणून चार दिवसांपासून १९९४ च्या ब्रिटिश टुरिंग कार चॅम्पियनशिपचे जुने व्हिडिओ बघून रायलो. इटालियन ड्रायव्हर तार्क्विनीनं अल्फा रोमिओ १५५ घेऊन पहिल्या पाचही रेस मारल्या अन् मग ऑल्टन पार्क ट्रॅकवर आख्खी टीम सामान बांधून घरी?? कॉमेंट्रीवाले विंग विंग करत राहतात पण भानगड काय ते समजून नाही रायली. फुटाळ्यावर चहा पिताना मित्र म्हणते सरळ चीटिंग होती. अन् ते व्होल्वो स्टेशन वॅगन रेसमध्ये कोणी मजाक म्हणून आणलं होतं का बे?

हिंगणा_एमआयडीसी:
चीटिंग नाही भाऊ, नियम नीट वाचला त्यांनी. शोरूममध्ये विकता तीच गाडी रेसला आणायची, चार दरवाजे, दोन लिटर इंजिन, टर्बो नाही. म्हणजे स्पॉयलर, तीच ती विंग, वेगात हवेच्या दाबानं गाडी रस्त्याला चिकटवते, तोही विकलेल्या गाडीवरचाच पाहिजे. अल्फानं काय केलं, रस्त्यावरच्या १५५ ची २५०० ची एक खास बॅच काढली, त्यात पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) अन् मागचा स्पॉयलर, आणि स्पॉयलर उंच करायचे जास्तीचे तुकडे डिक्कीत टाकून दिले, गिऱ्हाइकानं पाहिजे तर लावावे. झालं, कागदावर प्रॉडक्शन पार्ट! बाकीच्या गाड्या साध्या डिक्कीच्या, त्या कॉर्नरला हलायच्या अन् ही रुळावरून चालल्यासारखी. मग विरोधी टीम्सनी बोंब मारली, पॉइंट कापले, स्पॉयलर खाली करून चालवा म्हटलं तर अल्फावाले ऑल्टन पार्कला रेस न करताच निघून गेले. नंतर अपिलात पॉइंट परत मिळाले, १ जुलैपर्यंत उंच विंग चालवायची सूटही मिळाली.

मेनूचा_फॅन:
"नियम नीट वाचला" म्हणे. डिक्कीत पडलेला तुकडा कोणत्या गिऱ्हाइकानं लावला असेल ते सांगा बरं. लग्नात ताट वाढून ठेवायचं अन् जेवू कोणाला द्यायचं नाही, असं झालं ते. रेनॉ लागुनावाला अलँ मेनू सीझनमध्ये दुसरा आला, फोर्ड माँडेओवाला रॅडिसिच तिसरा, त्या दोघांनी सुरुवातीचे दोन महिने फक्त अल्फाचा मागचा बंपर बघितला. विंग उतरवल्यावर अल्फाचा तो दरारा राहिला का? पण तोवर लीड एवढी की तार्क्विनी चॅम्पियन झालाच. चालवायचा भारी, ते मान्य.

सदर_गॅरेज:
डिक्की अन् स्पॉयलरवरून माझं दुखणं आठवलं. २००३ मध्ये सेकंडहँड एस्टीमला एका दुकानातून स्पॉयलर बसवून घेतला, त्यानं ड्रिलनं भोकं पाडली पण सीलंटच लावलं नाही, पहिल्याच पावसात डिक्कीत तळं, स्टेपनीची रिम गंजली. स्पीड तर वर्धा रोडवर एक किलोमीटरनंही वाढली नाही 😂

असो, व्होल्वोचं. मजाक नव्हती, ८५० इस्टेट, म्हणजे तीच स्टेशन वॅगन, टॉम वॉकिनशॉच्या टीडब्ल्यूआर टीमनं बनवली, रिकार्ड रायडेल अन् यान लॅमर्स चालवायचे. बाकीचे ड्रायव्हर हसले म्हणून एका परेड लॅपला (लोकांना गाड्या दाखवायचा चक्कर) मागच्या काचेत मोठा खेळण्यातला कुत्रा बसवून फिरवला, फॅमिलीची गाडी न शेवटी! जिंकली एकही नाही, पण व्होल्वोला जे पाहिजे होतं ते मिळालं, तीस वर्षांनी तू नागपुरात बसून तिच्याबद्दलच विचारून रायला. १९९५ ला विंग सगळ्यांनाच चालू झाली, त्या लांब छपराच्या गाडीला तिचा काय उपयोग, मग व्होल्वोनंही सेडान आणली.

मेनूचा_फॅन:
अन् १९९५ ला सगळ्यांना विंग मिळाल्यावर अल्फाचं काय झालं तेही सांगा न काका. एक रेस नाही जिंकली, टायटल जॉन क्लीलंडच्या व्हॉक्सहॉल गाडीनं नेलं.

हिंगणा_एमआयडीसी:
तेच तर म्हणतो, विंग सगळ्यांच्या नियमातच बसत होती, सुचली फक्त एकाला.

कूलरसमोर_पडलेला:
लाइट गेली होती, आत्ता वाचलं सगळं. मित्राला लिंक पाठवली तर म्हणते "हिंगण्यावाला अल्फाचा सेल्समन आहे का". आता १९९५ बघायला घेतो, कूलर चालला तर.