चार रविवार, चार गुरुवार आणि एकच स्वयंपाकघर : नाताळाच्या नियोजनासाठी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठची_लेक (सातारा), १८ नोव्हेंबर २०२४

नमस्कार. माझे माहेर मिरजेचे आणि सासर साताऱ्याचे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या आसऱ्याने जी ख्रिस्ती वस्ती वाढली, तिच्यात माझे बालपण गेले. माझा विवाह आंतरधर्मीय असला तरी सासरच्यांनी मला बारा वर्षे लेकीसारखे सांभाळले आहे. नाताळाला मी मुलांना घेऊन माहेरी जात असे, त्यामुळे साताऱ्याच्या घरात हा सण कसा करायचा हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. यंदा मार्चमध्ये वडील प्रभूजवळ गेले, मिरजेचे घर बंद झाले आणि आई आमच्याकडे राहायला आली. म्हणजे या वर्षी नाताळ याच घरात होणार आहे.

अडचण अशी की सासूबाई मार्गशीर्षातील गुरुवारचे महालक्ष्मीचे व्रत गेली तीस वर्षे करत आहेत आणि तो संपूर्ण महिना आमच्या घरात मांसाहार शिजत नाही. यंदा मार्गशीर्ष २ डिसेंबरला सुरू होऊन ३० डिसेंबरच्या अमावास्येला संपतो. नाताळ बुधवारी आला आहे आणि दुसऱ्याच दिवशी, २६ तारखेला, शेवटच्या गुरुवारचे उद्यापन व हळदीकुंकू आहे. माहेरी नाताळाच्या दुपारी मटणाची बिर्याणी हा ठरलेला बेत असे. यजमान साखर कारखान्यात पाळीत काम करतात आणि गळीत हंगामात त्यांना रजा मिळत नाही, त्यामुळे सगळी धावपळ मलाच करावी लागेल. आई मात्र काहीच मागत नाही. “तुमच्या घरी जे होईल ते मला चालेल,” असे ती म्हणते आणि तिच्या तोंडचे ‘तुमच्या घरी’ हे शब्द मला फार लागतात. सासूबाईंचे व्रत बिघडू न देता आईला तिचा सण या घरात मिळावा, यासाठी ज्यांनी असे घर चालवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारा_आणि_कंदील (सांगली), १८ नोव्हेंबर

सलाम, ताई. तुम्ही दिलेल्या तारखा मी दिनदर्शिका समोर ठेवून पाहिल्या. यंदा आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार १, ८, १५ आणि २२ डिसेंबरला येतात, तर मार्गशीर्षाचे चार गुरुवार ५, १२, १९ आणि २६ तारखेला येतात. त्यामुळे सगळा भार २४ आणि २५ तारखांवर टाकू नका. आईंचा सण १ डिसेंबरपासूनच सुरू करा. दर रविवारी संध्याकाळी एक मेणबत्ती वाढवत न्यावी, आईंनी बायबलमधला शास्त्रभाग वाचावा, मुलांनी एखादे गीत म्हणावे. पंधरा मिनिटे पुरतात. गुरुवारी सासूबाईंची कहाणी ऐकायला मुले जशी बसतात, तशीच ती रविवारी आजीजवळ बसतील.

फराळाविषयी माझे मत ठाम आहे : करंज्या दोघींनी मिळून कराव्यात. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंजी, शंकरपाळे, चिवडा आणि अनारसे हेच होते, आणि यातले सासूबाईंना नवे काहीच नाही. सुक्या खोबऱ्याचे सारण घेतले तर करंज्या दोन आठवडे सहज टिकतात, म्हणून १४ किंवा १५ तारखेला त्या करून ठेवता येतील. ओल्या नारळाच्या मात्र इतक्या आधी करू नयेत. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलत, भिजवावे लागतात. दिवाळीचे पीठ शिल्लक असेल तर तेवढे श्रम वाचतील. केकसाठी तासगावचे बेदाणे संत्र्याच्या रसात एक-दोन दिवस फ्रीजमध्ये भिजवावेत आणि प्रत्येक अंड्याऐवजी पाव वाटी दही घालावे. असा केक सासूबाईही खाऊ शकतील आणि त्याच्या भांड्यांवरून काही प्रश्न येणार नाही.

आणखी एक काम याच आठवड्यात करा. तुम्ही ज्या चर्चमध्ये जाता तिथल्या पाळकसाहेबांना भेटून कॅरोल पार्टीच्या यादीत घराचा पत्ता नोंदवा. रात्री दहा-अकराला ढोलकी वाजवत, नाताळाची गीते म्हणत मुले दारात येतात, त्यांना चहा आणि फराळ द्यायचा असतो. मिरजेत आयुष्य गेलेल्या बाईला या रात्रीची किती ओढ असते, हे मी स्वतःच्या आईवरून सांगते. फक्त गुरुवारची रात्र टाळायला सांगा आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कल्पना द्या.

शाहूपुरीची_गृहिणी (सातारा), १९ नोव्हेंबर

मी स्वतः हे व्रत करते, म्हणून सासूबाईंच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. मांसाहाराचा प्रश्न भांडी वेगळी ठेवून सुटेल असे मला वाटत नाही. उद्यापनाच्या आदल्या दिवशी ओट्यावर मटण शिजले, तर त्या तोंडाने काही बोलणार नाहीत, पण रात्रभर घर धूत बसतील. बाहेरून बिर्याणी मागवून गच्चीवर खाण्याचा मार्ग काही जण सुचवतील. तोही मला पटत नाही, कारण त्यामुळे आईंना आपला सण लपूनछपून केल्यासारखा वाटेल. अमावास्या ३० तारखेला आहे. ३१ पासून पौष सुरू होतो, म्हणून नव्या वर्षाच्या दिवशी, १ जानेवारीला, बिर्याणी करावी. २५ तारखेला मटारभात, पुरी आणि बासुंदी असा भरघोस बेत ठेवावा. मात्र हे आईंना आधी विचारा. गृहीत धरू नका.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हळदीकुंकवाला पाच-सात सुवासिनी येतील, त्यांना फळ आणि पोथी दिली जाईल आणि त्याच वेळी नुकत्याच विधवा झालेल्या तुमच्या आई घरात असतील. अशा वेळी “तुम्ही आत जरा दूध आटवायला बघा” असे सहज म्हणून बाईला आत बसवले जाते. माझ्या माहेरी माझ्या काकूंच्या बाबतीत हे झाले आणि ते मी आजही विसरलेले नाही. तुमच्या आईंचे आसन बाहेरच्याच खोलीत असावे आणि फळ व दूध त्यांना सासूबाईंनी स्वतःच्या हाताने द्यावे. कुंकवाचा आग्रह त्यांना कोणी करू नये, हे येणाऱ्या बायकांना आधीच सांगून ठेवावे.

दोन_घरांचा_जावई (कराड), २० नोव्हेंबर

माझी पत्नी ख्रिस्ती आहे आणि आमच्या घरी गेली अनेक वर्षे दोन्ही सण होतात. वरच्या दोन्ही ताईंनी फार मोलाचे सांगितले आहे; राहून गेलेला एक मुद्दा मांडतो. काही श्रद्धाळू ख्रिस्ती माणसे नैवेद्य दाखवलेले अन्न खात नाहीत. माझ्या सासूबाई खात नाहीत, आणि पहिली चार वर्षे त्यांनी दर वेळी “पोट बरे नाही” असे सांगून ते टाळले, हे मला फार उशिरा कळले. तुमच्या आईंना एकांतात विचारा. त्यांची तशी भूमिका असेल, तर नैवेद्याचे ताट वाढण्यापूर्वी त्यांच्यासाठी पुरणपोळी वेगळी काढून ठेवावी. आमच्या आईने हे समजून घेतले, कारण सोवळे-ओवळे तिला कोणी शिकवावे लागत नव्हते.

यजमानांच्या पाळीबद्दल : रजा मिळत नसली तरी सहकाऱ्याशी पाळी बदलून घेता येते. २५ तारखेसाठी त्यांनी आत्ताच कोणाशी तरी बोलावे आणि संक्रांतीला त्याची पाळी आपण करावी. २४ च्या मध्यरात्रीच्या उपासनेला आईंना नेण्यासाठी घरातला पुरुष बरोबर असावा, असे मला वाटते. तुम्ही एकट्या नेऊ शकत नाही असा याचा अर्थ नाही, परंतु जावई शेजारी बसला आहे हे त्यांना दिसायला हवे.

आपल्या साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला होता. त्यांची भजने अभंगाच्या वळणाची आहेत आणि टाळावर सुरेख म्हणता येतात. रविवारच्या प्रार्थनेत तीच घ्यावीत, म्हणजे सासूबाईंनाही चाल परकी वाटणार नाही.

कृष्णाकाठची_लेक (सातारा), २ डिसेंबर

सर्वांचे मनापासून आभार. काल पहिला रविवार झाला, म्हणून कळवते.

आईला बिर्याणीविषयी विचारले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की बिर्याणी बाबांना आवडायची म्हणून होत असे. यंदा ती २५ तारखेला नसली तरच तिला बरे वाटेल. १ जानेवारी तिला मान्य आहे. मी नऊ महिने तिच्या शेजारी राहून हे विचारले नव्हते. नैवेद्याबाबत जावईदादांचा अंदाज खरा निघाला. सासूबाईंना सांगताना मला संकोच वाटत होता, पण त्यांनी लगेच सांगितले की गुरुवारी आईचा डबा आधी भरायचा.

हळदीकुंकवाचे बोलणे मात्र अवघड गेले. “त्यांना वाईट वाटेल म्हणून मी त्यांना आत बसवणार होते,” असे सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या आजेसासूबाईंनाही असेच आत बसवत असत, हे त्या दिवशी मला प्रथमच कळले. आता आईचे आसन खिडकीजवळ असेल.

काल संध्याकाळी मेणबत्ती धाकट्याने लावली. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या सोडवून दोन्ही आज्या मुलांबरोबर ताऱ्याचा सांगाडा बांधत आहेत. पाचवे टोक अजून वाकडे आहे. यजमानांची २५ ची पाळी बदलून मिळाली, २४ ची रात्र अजून ठरायची आहे. कॅरोल पार्टी १७ तारखेला, मंगळवारी येणार आहे आणि पाळकसाहेबांनी पंचवीस मुले असतील असे सांगितले आहे. एवढ्यांना पुरतील इतक्या करंज्यांसाठी सुके खोबरे किती किलो घ्यावे, हे तारा_आणि_कंदील ताईंनी कृपया सांगावे.

तारा_आणि_कंदील (सांगली), २ डिसेंबर

दीड किलो घ्या. मुले थंडीत फिरून आलेली असतात, दोन-दोन तर सहज खातात, आणि घरासाठीही डबाभर उरायला हव्यात. आईंना माझा सलाम सांगा.