मदत हवी आहे: वेब-ॲप माझं, पण डेटा ज्याचा त्याच्याकडे. साठवण कुठे आणि कशी करावी?

नमस्कार मंडळी,

वाचननोंदींसाठी मी एक छोटं वेब-ॲप लिहिलं आहे. पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, आवडलेला उतारा, त्यावरचं आपलं टिपण आणि शोधायला सोपं जावं म्हणून दोन-चार खुणेचे शब्द, एवढाच त्याचा पसारा. सगळं ब्राउझरमध्येच चालतं, मागे सर्व्हर नाही. नोंदी इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या डेटाबेसात, राहतात. आता आमच्या वाचनगटातल्या काही जणांना ते वापरायचं आहे आणि त्यांची पहिलीच मागणी अगदी रास्त आहे: लॅपटॉपवर लिहिलेलं फोनवर दिसायला हवं.

सोपा मार्ग सर्वांना ठाऊक आहे. एक सर्व्हर घ्या, त्यावर डेटाबेस टाका, प्रत्येकाला लॉगिन द्या. मला तो नको आहे. माणूस आजारपणाबद्दल, घटस्फोटाबद्दल, श्रद्धेबद्दल काय वाचतो आणि त्यावर स्वतःशी काय बोलतो, हे माझ्या डेटाबेसात का असावं? ते फुटलं तर जबाबदारी माझी, आणि उद्या मला ॲप सांभाळणं जमेनासं झालं तर सगळ्यांच्या नोंदींना कुलूप.

हे सोसून झालं आहे. पूर्वी मी ज्या सेवेत नोंदी ठेवायचे ती बंद झाली. निर्यात मिळाली, नाही असं नाही. एक लांबलचक जेसन फाइल (डेटा मजकुराच्या रूपात मांडणारी) हातात आली. पण एका नोंदीतून दुसरीकडे जाणारे दुवे त्यांच्या अंतर्गत क्रमांकांवर बेतलेले होते आणि कोणता क्रमांक कोणत्या नोंदीचा, ते फाइलमध्ये नव्हतंच. मजकूर वाचला, गुंफण गेली. गूगल रीडर (साइटवरचे नवे लेख, म्हणजे फीड, एकत्र वाचण्याची सेवा) १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा लोकांना आपली फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये उचलून दुसरीकडे नेता आली, कारण ते रूप इतर फीड-वाचकांना आधीपासून कळत होतं. निर्यातीचं बटण असणं आणि बाहेर आलेली फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येणं यात फार अंतर आहे.

म्हणून मला हवं आहे ते असं: वापरणाऱ्याने सांगावं, 'माझा डेटा या ठिकाणी ठेव.' ॲपने तिथे फक्त आपल्या फोल्डरपुरती परवानगी मागावी. माझं ॲप नकोसं झालं तर परवानगी काढून घ्यावी आणि त्याच फायली दुसऱ्या ॲपमध्ये उघडाव्यात.

आतापर्यंत पाहिलेले पर्याय:

रिमोटस्टोरेज. वापरणारा ईमेलसारखा दिसणारा पत्ता देतो, ॲप वेबफिंगर या शोधपद्धतीने त्याची साठवण शोधतं, ओऑथने (पासवर्ड न घेता परवानगी घेण्याची पद्धत) ठरावीक फोल्डरची परवानगी घेतं आणि मग साध्या गेट, पुट, डिलीट (आण, ठेव, पुस) विनंत्यांवर काम चालतं. मला मनापासून आवडलं. अडचण एकच, अशी साठवण देणाऱ्या सेवा मोजक्या आहेत. नाहीतर स्वतःचा सर्व्हर उभारा.

सॉलिड. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा प्रकल्प. प्रत्येकाचा स्वतःचा पॉड (डेटाची खासगी जागा), ओळख म्हणून वेबआयडी, आणि कोणती गोष्ट कुणी वाचायची ते मालक ठरवणार. कल्पना सर्वांत व्यापक हीच आहे. पण डेटा सहसा आरडीएफमध्ये (एकमेकांना जोडलेल्या विधानांच्या रूपात) मांडतात, आणि पान क्रमांक व चार ओळींसाठी मला ते जड वाटतं.

वेबडॅव्ह. वेबवरून फायली वाचण्या-लिहिण्याचं १९९९ पासूनचं प्रमाण, आणि गटातल्या दोघांचे स्वतःचे नेक्स्टक्लाउड (स्वतः चालवायचे फाइल-सर्व्हर) आहेत. इथे कॉर्सने, म्हणजे एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटशी बोलण्यावरच्या ब्राउझरच्या नियमाने, वाट अडवली आहे. तोच पत्ता, तोच पासवर्ड फोनवरच्या फाइल-ॲपमध्ये झटकन चालतो. माझ्या पानावरून मात्र ब्राउझर आधी ऑप्शन्सची पूर्वविनंती (परवानगी आहे का ते विचारणारी) पाठवतो, तिच्यासोबत पासवर्ड जात नाही, सर्व्हर ४०१ (ओळख पटली नाही) म्हणतो आणि कन्सोलमध्ये लाल ओळ उमटते. खरी विनंती निघतच नाही.

गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स. खाती सगळ्यांकडे आहेत. पण याला 'आपल्या ताब्यातली साठवण' म्हणावं का, यावर माझं मन ठरत नाही.

तर जाणकारांनी सांगावं: बिगरतांत्रिक लोकांसाठी सुरुवात कुठून करावी? दोन उपकरणांवर एकच नोंद बदलली तर काय करायचं? आणि नोंदी साठवणीत जाण्याआधीच कूटबद्ध कराव्यात का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

सिंकच्या (उपकरणांमधल्या नोंदी जुळवण्याच्या) आधी एक गोष्ट तपासा, कारण तुमच्या नोंदी आजही धोक्यात असू शकतात. २०२० पासून सफारी अशा साइटचा स्क्रिप्टने लिहिलेला डेटा पुसते, जिच्याशी सफारी वापरण्याच्या ७ दिवसांत वापरणाऱ्याचा काही व्यवहार झालेला नाही. यात इंडेक्स्डडीबीही आली. ॲप होम स्क्रीनवर ठेवलं असेल तर हा नियम लागत नाही. शिवाय डिस्क भरत आली की ब्राउझर स्वतःहून जागा मोकळी करू शकतो. त्यासाठी ब्राउझरच्या स्टोरेज एपीआयमधलं पर्सिस्ट (डेटा आपोआप पुसू नये अशी परवानगी) मागून घ्या. ब्राउझरमधली प्रत ही कामाची प्रत समजा, मूळ प्रत नव्हे. आणि सिंक तयार होईपर्यंत सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये उतरवायचं बटण आजच द्या.

प्रतिसाद २

ड्राइव्हबद्दल. ताबा थोडाफार तुम्ही परवानगी कोणती मागता यावर ठरतो. ॲप-डेटा फोल्डर मागितलं तर फायली लपलेल्या राहतात, माणसाला स्वतःच्याच ड्राइव्हमध्ये त्या दिसत नाहीत. ते टाळा. ॲपने तयार केलेल्या किंवा माणसाने ॲपमध्ये उघडलेल्या फायलींपुरतीच परवानगी मागता येते, ती घ्या. फायली नेहमीसारख्या दिसतात, कॉपी होतात, बॅकअपला जातात. ड्रॉपबॉक्समध्येही ॲप-फोल्डरपुरता प्रवेश आहे. कंपनीवरचं अवलंबन राहतंच, पण जागा बदलणं वापरणाऱ्याच्या हातात येतं, आणि तुमच्या गटासाठी तेच मोलाचं आहे.

एका नोंदीला एक फाइल ठेवा. सगळं एकाच मोठ्या फाइलमध्ये असेल तर फोनवर एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण संग्रहावरून भांडण.

बदलांच्या टकरीसाठी ईटॅग (फाइल बदलली की बदलणारी आवृत्तीची खूण) वापरा. समजा फोन आणि लॅपटॉप दोघांनी फाइल 'अ' ईटॅगसह वाचली. फोनने आधी लिहिलं, ईटॅग 'ब' झाला. आता लॅपटॉप विनंतीसोबत जाणाऱ्या इफ-मॅच हेडरमध्ये ('खूण हीच असेल तरच लिही') 'अ' पाठवतो, सर्व्हर ४१२ (अट पूर्ण झाली नाही) देऊन नकार देतो. तिथे थांबा, ताजी प्रत आणा, दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी दाखवा आणि माणसाला निवडू द्या. नंतर लिहिणाऱ्याचं खरं, असं परस्पर ठरवू नका. उतारा गेला हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पुसलेल्या नोंदीचीही खूण ठेवा, नाहीतर बरेच दिवस बंद असलेला लॅपटॉप ती पुन्हा वर चढवेल.

सीआरडीटी (अनेकांचे बदल आपोआप एकत्र करणारी रचना), म्हणजे वायजेएस किंवा ऑटोमर्ज, ही सुंदर साधनं आहेत, पण एकाच परिच्छेदात अनेकजण एकाच वेळी लिहीत असतील तेव्हा. वाचननोंदींना त्यांची गरज दिसत नाही.

प्रतिसाद ३

कूटबद्धतेआधी एक अवघड गोष्ट. साठवण वापरणाऱ्याची असली तरी ॲपचा कोड तुमच्याकडून येतो, आणि तो तुम्ही कधीही बदलू शकता. त्या कोडला नोंदी वाचता येतात. म्हणजे विश्वास तुमच्यावर राहतोच, फक्त जागा बदलून. पानाच्या सुरक्षा-धोरणात कनेक्ट-सोर्स (पानाने कोणत्या पत्त्यांशी जोडावं त्याची यादी) बांधून डेटा कुठे जाऊ शकतो ते मर्यादित करता येतं, पण इथे साठवणीचा पत्ता प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे ते दार तुम्हाला बऱ्यापैकी उघडं ठेवावं लागणार. म्हणून बाहेरची एकही स्क्रिप्ट पानात घेऊ नका. भेटी मोजणारी नको, दुसरीकडून येणारे फॉन्ट नकोत. परवानगीचं टोकन (साठवणीची किल्लीच म्हणा) ब्राउझरमध्ये असतं आणि पानातल्या परक्या स्क्रिप्टला ते उचलता येतं.

ब्राउझरमधल्या वेब क्रिप्टोने कूटबद्ध करणं जमेल. त्याची किंमत मात्र आधीच सांगा: परवलीचा शब्द विसरला तर नोंदी कायमच्या गेल्या, आणि त्या फायली दुसऱ्या ॲपमध्ये उघडण्याची तुमची मूळ इच्छाही अडचणीत. माझं मत, तो पर्याय द्या, सक्ती नको.

फाइल साध्या मजकुराची ठेवा. वर पुस्तक, पान, खुणेचे शब्द. खाली उतारा आणि टिपण. प्रत्येक नोंदीचा यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळखक्रमांक) फाइलच्या आतच लिहा आणि दुवे त्यावरून बांधा. तुमच्या जुन्या सेवेत जे हरवलं ते इथे हरवणार नाही.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. पर्सिस्ट आणि निर्यातीचं बटण आजच जोडलं.

साठवणीसाठी रिमोटस्टोरेजच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीपासून सुरुवात करते. तिच्यात ड्रॉपबॉक्स आणि गूगल ड्राइव्हही जोडता येतात, त्यामुळे ज्याच्याकडे जे आहे ते चालेल. ड्राइव्हसाठी ती लायब्ररी कोणती परवानगी मागते ते आधी बघेन. गरजेपेक्षा जास्त असेल तर तो भाग स्वतः लिहीन. एका नोंदीला एक फाइल, आत यूयूआयडी. ४१२ आलं की दोन्ही प्रती दाखवायच्या, हेही पक्कं. कोडबद्दलचा मुद्दा मला टोचला आणि तो पटला. पहिल्याच पानावर हे साध्या शब्दांत लिहीन आणि ज्याला हवं त्याला संपूर्ण ॲप उतरवून स्वतःच्या जागेवर ठेवता येईल असं करीन.

नेक्स्टक्लाउडवाले दोघे मात्र अजून बाहेरच आहेत. त्यांच्या नोंदी मधल्या प्रॉक्सीमार्फत माझ्या सर्व्हरवरून नेणं मला मान्य नाही, मग एवढा खटाटोप कशाला? तुमच्यापैकी कुणी नेक्स्टक्लाउडच्या पुढे असलेल्या वेब-सर्व्हरवरच कॉर्सचे हेडर लावले आहेत का? पासवर्डाविना आलेल्या ऑप्शन्स विनंतीला तिथूनच होकार कसा दिला, आणि ती सूट फक्त माझ्या ॲपच्या पत्त्यापुरती कशी ठेवली, ते सेटिंगच्या ओळींसह लिहाल का?