प्रतिसाद: पासपोर्ट आणि निष्ठा

"पासपोर्ट बदलला तिथेच निष्ठा बदलली" हे अमेरिकेचं नागरिकत्व घेणाऱ्या भारतीयांबद्दलचं म्हणणं मला अर्धंच पटतं. अमेरिकी नागरिकत्वाच्या शपथेत जुन्या देशाची निष्ठा सोडावी लागते, खरं आहे. पण बोलणी फक्त जाणाऱ्यालाच का? १९५५च्या आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ दुसरं नागरिकत्व घेताक्षणी आपलं काढून घेतं. दोन्ही ठेवायची सोयच नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार जे ओसीआय कार्ड देतं, त्याला बरेच जण दुहेरी नागरिकत्व समजतात, ते तसं नव्हे: मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारशाने मात्र मिळू शकते).

आम्ही बडोद्याचे मराठी, दांडिया बाजारातले. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात गेलं, १९६०मध्ये गुजरातेत. आजोबा त्याच घरात राहिले आणि राज्य बदलत गेलं. शपथ कुणी मागितली नाही. न्यू जर्सीतला आतेभाऊ तिथे गणपतीलाही जातो, गुजराती मंडळाच्या गरब्यालाही. पुण्याचे नातेवाईक त्याला 'गुजराती' म्हणतात, त्याचाच त्याला जास्त राग येतो. अमेरिकन म्हटलेलं चालतं!