निकेल फोमवरचा निकेल-लोह थर टिकत नाही

दादरकर: विजेने पाण्याचं विघटन करतोय. ऑक्सिजनच्या बाजूला निकेल फोमवर (स्पंजासारखं सच्छिद्र निकेल) निकेल-लोह हायड्रॉक्साइड हा उत्प्रेरक, नॅफिऑन या पॉलिमरने चिकटवलेला. १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दर चौ. सेंमीला १०० मिलिअँपिअर. ३६ तासांनी व्होल्टेज चढतं, द्रावण गढूळ होतं. काय चुकतंय?

पवईकर: नॅफिऑन सोडा. एवढ्या प्रवाहाला बुडबुडे चिकटवलेली पूड उखडून नेतात. गढूळपणा बहुतेक तोच. थर फोमवरच वाढवा. फोम ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १० मिनिटं अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवा, मग पाणी आणि इथेनॉलने धुवा. निकेल व लोह नायट्रेट ३:१, सोबत युरिया, फोमसकट ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणारं बंद भांडं) १२० अंशांवर १२ तास. शेवटी सैल पूड झटकून टाकायला विसरू नका.

कुर्लेकर: तरीही व्होल्टेज चढलं तर बहुधा थरातलं लोह विरघळतंय. द्रावणात ०.१ पीपीएम (दहा लाखांत ०.१ भाग) लोह ठेवलं तर गेलेलं पुन्हा बसतं. भांडं पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. अल्कली काच खाते. हायड्रोजनच्या बाजूचा उत्प्रेरक तपासताना काउंटरला, म्हणजे समोरच्या इलेक्ट्रोडला, प्लॅटिनम नकोच, ग्रॅफाइटची कांडी लावा. विरघळलेलं प्लॅटिनम तपासायच्या इलेक्ट्रोडवर बसलं की उत्प्रेरक ‘बिनमौल्यवान’ (महागड्या धातूविना) असल्याचा दावाच संपला.

पवईकर: आणि पावसाळ्यात हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तोलता तोलताच ओल्या होतात. वजनावर विसंबू नका, टायट्रेशन करून द्रावणाची खरी तीव्रता काढा. द्रावण उघडं ठेवलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेट होऊन वाहकता घटते, आणि दोष उगाच उत्प्रेरकावर जातो.