मदत हवी आहे: स्वयंपाकघराला कोटा फरशी की मॅट (बिनचकाकीची) टाइल?

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला आमचं जुनं घर आहे, स्वयंपाकघराची फरशी बदलायची आहे. मागच्या महिन्यात ७२ वर्षांची आई ओल्या टाइलवरून घसरली, तेव्हापासून माझा जीव टांगणीला आहे. चकचकीत काही नकोच. आईला कोटा हवा, मे महिन्यातल्या ४५ अंशांत पायाला गार लागतो म्हणते. खरंच आहे ते. पण कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड, लिंबू-चिंच सांडली की डाग धरतो. मॅट व्हिट्रिफाइड (जास्त तापमानाला भाजलेली घट्ट) टाइल पाणी जवळपास शोषत नाही, मात्र सांध्यांत सावजी रश्श्याचं तेल-हळद मुरते. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं रेझिनचं मिश्रण) भरलेलं कोणाकडे आहे का? काही वर्षांनी पिवळं पडलं का? आणि पॉलिश न केलेला कोटा ओला असताना घसरतो का? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.