बाबांच्या अंडकोषातली गाठ लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) निघाली, आता पुढं काय?

सातारकर:
बाबा ६७ वर्षांचे. उजवा अंडकोष सुजून टणक झालेला, पण दुखत नव्हतं म्हणून लाजेपायी कुणाला बोललेच नाहीत. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले हायड्रोसील (अंडकोषाभोवती पाणी साठणं) असेल, सोनोग्राफीत मात्र पाणी नाही, भरीव गाठ. रक्तातल्या ट्यूमर मार्कर टेस्टपैकी एएफपी, बीटा एचसीजी नॉर्मल, एलडीएच तेवढं वाढलेलं. जांघेतून ऑपरेशन करून अंडकोष काढला. रिपोर्ट आलाय डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. आता म्हणतात केमो, मणक्यातून इंजेक्शनं आणि वर दुसऱ्या अंडकोषाला शेक (रेडिएशन). अहो गाठ काढून टाकली की, मग एवढं कशाला? पैसे उकळतायत का?

पॅथोवाला:
नाही हो, ट्रीटमेंट अशीच असते. तरण्या पोरांत बहुधा जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींचा कॅन्सर) असतो, त्यासाठी एएफपी-एचसीजी बघतात. साठीनंतर मात्र पहिला संशय लिम्फोमाचा. हा आजार रक्तातल्या बी पेशींचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), म्हणून अंडकोष काढून भागत नाही, आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि चॉपची औषधं) केमो लागते. त्यात मेंदू आणि अंडकोष या दोन ठिकाणी केमोची औषधं नीट पोचत नाहीत आणि आजार उलटला तर बऱ्याचदा तिथंच उलटतो, कधी कधी चांगली पाच-सात वर्षं गेल्यावरसुद्धा. म्हणून मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध (काही जण शिरेतून मोठा डोस देतात, किडनी बघून) आणि उरलेल्या बाजूला रेडिएशन.

वऱ्हाडी_सूनबाई:
दादा, आयएचसी (गाठीच्या पेशींवरच्या खुणा ओळखायची टेस्ट) झालंय का बघा आधी. माझ्या सासऱ्यांना मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) होता, बरे होते, मग अंडकोषातच गाठ आली. पहिल्या लॅबनं लिम्फोमा लिहून दिलं, गाठीच्या नमुन्याच्या ब्लॉक-स्लाइड दुसरीकडे दाखवल्या तर सीडी १३८ (प्लाझ्मा पेशींची खूण) पॉझिटिव्ह आणि सीडी २० (बी पेशींची खूण) निगेटिव्ह, म्हणजे प्लाझ्मासायटोमा (प्लाझ्मा पेशींची गाठ), मायलोमाच परत आलेला. औषधंच बदलली सगळी. इतकं क्वचित होतं की डॉक्टरांनासुद्धा पटकन सुचत नाही.

सातारकर:
ताई, आमच्या रिपोर्टमध्ये सीडी २० पॉझिटिव्ह आहे, केआय ६७ ८० टक्के.

पॅथोवाला:
मग लिम्फोमाच धरा. केआय ६७ एवढं म्हणजे पेशी भराभर वाढतायत, त्यामुळे केमो गणपतीनंतर बघू वगैरे करू नका. पेट स्कॅन केमोच्या आधीच, नंतर केला तर आजार कुठवर होता ते कळणार नाही. टू-डी इको करा कारण चॉपमधल्या लाल औषधाचा हार्टवर ताण येतो, आणि हिपॅटायटिस बी ची टेस्ट झाल्याशिवाय रिटुक्सिमॅब लावू देऊ नका, जुना दबलेला हिपॅटायटिस बी उसळतो त्यानं.