मदत हवी आहे : कावीळ झालेल्या कामगाराचे बारा दिवस बिनपगारी लावायचे का?

सांगली मार्केट यार्डातलं हळद-बेदाण्याचं दुकान. गोदाम धरून २८ जण पगारपत्रकावर. एका कामगाराला ऑगस्टमध्ये कावीळ झाली, बारा दिवस गैरहजर. पगार १५,०००. मालकांचं म्हणणं, आजारी रजा कायद्यातच नाही, बिनपगारी लावा. गेल्या वर्षी त्याचे कामाचे दिवस २६० भरलेत. यंदा किरकोळ रजा चार झाल्या. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दरमहा कापतो. हजेरीपटावर काय मांडू?

प्रतिसाद १
दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये ‘आजारी रजा’ हे वेगळं खातं नाही, एवढं मालकांचं बरोबर. पण म्हणून बिनपगारी होत नाही. वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी आहेत, त्या तिमाहीला दोन अशा जमा होतात. ऑगस्टपर्यंत सहा जमा, चार गेल्या, म्हणजे दोन शिल्लक. वर्षअखेर न वापरलेल्या बुडतात.

शिवाय मागच्या वर्षी २४० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक पगारी रजा. २६० ला तेरा. ही पुढे ओढता येते, ४५ पर्यंत साठते. गोदामातले हमाल माथाडी मंडळात (हमालांची नोंदणी आणि मजुरी बघणारं मंडळ) नोंदलेले असतील तर त्यांना या हिशेबात घेऊ नका, त्यांचा हिशेब मंडळाकडे.

प्रतिसाद २
थांबा, तेरातल्या रजा लगेच खर्ची टाकू नका! ईएसआयचा आजारपण लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस धरत नाहीत, तिथे शिल्लक दोन किरकोळ रजा लावा. उरलेले दहा दिवस ईएसआयकडे. सरासरी ५०० धरली तर रोज ३५०, म्हणजे ३,५००.

ज्या दिवसाचा रजेचा पगार दिला त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. त्यामुळे हजेरीपटावर ते दहा दिवस ‘ईएसआय आजारपण’ असेच लिहा. एकदा पगारी दाखवून नंतर खाडाखोड केली की दावा अडकतो.

ऑगस्टच्या आजारपणासाठी ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी बघतात. त्यात ७८ दिवसांची भरलेली हवी. दाखला ईएसआय दवाखान्याचा किंवा त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांचा घ्या. खासगी दाखल्यावर दावा अडू शकतो, तसाच बँक खात्यावरच्या नावातल्या फरकानेही.

धागाकर्ता
धन्यवाद. दाखला दवाखान्याचाच आहे. मे महिन्यात लागलेला एक मुलगाही तापाने पडलाय, त्यालाही हेच?

प्रतिसाद २
नाही. नवीन माणसाला रोख लाभ साधारण नऊ महिन्यांनी सुरू होतो. औषधोपचार मात्र पहिल्या दिवसापासून, त्याला आजच दवाखान्यात पाठवा. पगारासाठी त्याच्या जमा किरकोळ रजा वापरा. त्या संपल्या तर मालकांशी बोला. पुढच्या वर्षीच्या रजेतून आगाऊ देणं त्यांच्या मर्जीवर आहे, पण दिलीत तर अर्जावर दोघांची सही आणि तारीख घ्या.